झाडांची वहिवाट

कोकणात घर विकायला निघालं की जाणतं गिऱ्हाईक आधी परसात जातं. ओटी, माजघर, कौलं हे सगळं नंतर. विहिरीच्या काठाशी उभं राहून ते मान वर करतं. माडांचे शेंडे साफ आहेत की सुकलेल्या झावळ्या लोंबतायत, कलमांवर बांडगूळ किती चढलंय, जुन्या आंब्याची फांदी पडवीवर आली आहे का, एवढं बघितलं की घर कसं राखलं गेलंय हे त्याला समजतं. भाव बऱ्याचदा तिथेच ठरतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात असे सौदे मी जवळून पाहिले आहेत. दोन ठिकाणं गडग्याला गडगा लावून, माती तीच, विहिरींचं पाणी तेच. एकाला मागितली ती किंमत मिळते. दुसऱ्याच्या वेळी घेणारा आधी वठलेलं झाड उतरवून घेण्याचा खर्च वजा करतो, मग त्या झाडाने मोडलेल्या पडवीचा, आणि मग बोलायला बसतो.

ठिकाण म्हणजे घर, अंगण, विहीर आणि भोवतीची काही गुंठ्यांची बाग. माड, पोफळी, चार-दोन कलमं, एखादा रायवळ आंबा, फणस, रातांबे, माडांवर चढवलेले मिरीचे वेल. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा हे सगळं मामंजी बघत. पुढे ते काम माझ्याकडे आलं, आणि त्यांच्या वडिलांच्या खर्चाच्या वह्याही. मोडीतल्या त्या वह्या मामंजींनीच मला वाचायला शिकवल्या. झाडं लावल्याच्या नोंदी त्यांत अगदी थोड्या आहेत. माड साफ करायला लागलेले गडी, बांडगूळ काढल्याची मजुरी, आळ्यांत घातलेल्या शेणाच्या पाट्या, उतरवलेल्या फांदीच्या लाकडाचे आलेले पैसे, अशा नोंदी मात्र पानोपानी सापडतात.

आपल्याकडे झाडांचा इतिहास लागवडीचा म्हणून सांगितला जातो. कलम कोणी आणलं, बाग कोणी उठवली, याच्या कथा घराघरांत आहेत. लावल्यानंतर ऐंशी-शंभर वर्षं ते झाड कोणी उभं ठेवलं, याबद्दल कोणी बोलत नाही. कोकणातल्या घराला झाडांपासून जे काही मिळालं, फळ, लाकूड, सावली, अडीअडचणीला पैसा, ते या दुसऱ्या कामातून मिळालं, असं माझं ठाम मत आहे.

या कामाची जाण जुन्या राज्यकर्त्यांना होती. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५च्या सुमाराचं. त्यात आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाचा विषय येतो. सागासारखं लाकूड रीतसर परवानगीने न्यावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्या मजकुराचा आशय. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं, बळजबरी करू नये, असंही पंत सांगतात. मला हा भाग अधिक मोलाचा वाटतो. झाडाला वय असतं, एके दिवशी ते थकतं, तेव्हा त्याचं काय करायचं हे राखणाऱ्याला विचारायचं आणि राखल्याची किंमत त्याच्या हातात ठेवायची, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभारात लिहून ठेवलेलं आहे.

मालकी नुसती कागदावर असली तर काय होतं, त्याचंही उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. इंग्रजी अंमल आल्यावर १८२४ साली रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून झाडांवरचा सरकारी हक्क सोडला आणि खोतांना, रयतेला आपापल्या जमिनीतल्या झाडांची मोकळीक दिली. मुंबई वाढत होती. तिला सरपण हवं होतं, इमारती लाकूड हवं होतं, आणि न्यायला गलबतं बंदरांत उभीच होती. पुढच्या दोन पिढ्यांत डोंगर उघडे पडले. त्याच खोतांच्या, त्याच कुळांच्या घरामागची आगरं मात्र हिरवी राहिली. डोंगराकडे माणूस जायचा तो काहीतरी आणायला: लाकूड, राबासाठी कवळं, गवत. परसातल्या झाडाला दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा हात लागत होता.

त्या हातांचं वर्षाचं काम पावसाच्या आगेमागे बांधलेलं असे. आमच्याकडे अजून तसंच आहे. मेच्या अखेरीला, पाऊस धरण्याआधी, माडांवर गडी चढतो. तयार नारळ उतरवतो, सुकलेल्या झावळ्या, वाळक्या पोयी आणि रिकाम्या पेंडींचे देठ काढून शेंडा मोकळा करतो. हा सुका भार वर राहिला तर पावसाळी वाऱ्यात तो कौलांवर येतो, नाहीतर खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर. हिरवी झावळ मात्र तोडायची नाही. माडाला महिन्याला साधारण एक पान येतं आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय असते. गड्याने उत्साहात चार हिरव्या झावळ्या उतरवल्या तर चार पेंडी उपाशी राहिल्या. मामंजी नव्या गड्याला हे खाली उभं राहून मोठ्याने सांगत असत.

आणखी एक गोष्ट ते कधी चालू देत नसत. चढायला सोपं जावं म्हणून काही जण खोडाला कोयतीने खाचा पाडतात. आंब्याला जखम झाली तर कडेने नवी साल सरकत येऊन ती झाकत जाते. माडाच्या खोडात तशी वाढच नाही. खाच आयुष्यभर उघडी राहते, तिच्यात पाणी मुरतं आणि सोंड्या भुंग्याला वाट मिळते. सोंड्या आत शिरला की बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा शेंडा मान टाकतो. गेंड्या भुंगा निदान खूण ठेवतो. त्याने कोंब खाल्ला की पुढे उघडणारं पान त्रिकोणी कातरलेलं येतं. ते पान दिसलं की वर चढायचं, तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढायचा, पानांच्या बेचक्यांत वाळू भरायची. गेंड्याच्या अळ्या उकिरड्यात वाढतात. म्हणून उकिरडा खालीवर करणं हेही माडाच्याच देखभालीत धरलेलं आहे.

पाऊस लागण्यापूर्वी पोफळींच्या शिंपुटांवर बोर्डो मिश्रण मारायचं. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आणलं. पोफळीच्या कोळेरोगावर ते लागू पडतं, हे लेस्ली कोलमन यांनी मैसूर संस्थानात १९१०च्या आसपास दाखवलं. पावसात कोवळी सुपारी गळायला लागली की वर्षाचं उत्पन्न जमिनीवर पडलेलं असतं, आणि त्या वेळी निसरड्या पोफळीवर चढताही येत नाही. औषध मारायचे दिवस हातातून गेले तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

पाऊस सरला की आळी. माडाच्या बुंध्याभोवती गोल आळं करून त्यात शेणखत, राख, पालापाचोळा घालायचा आणि शिंपणं सुरू करायचं. पूर्वी रहाटाने पाटाला पाणी सोडत, आता पंप आहे. माडाच्या आळ्यात मीठ टाकायची जुनी रीत आमच्याकडे होती. माडाला क्लोरीन हे अन्न म्हणून लागतं, असं पुढे संशोधनातूनही निघालं.

याच दिवसांत बांडगूळ काढायचं. आंब्याला मोहोर यायच्या आधी हे व्हायलाच हवं. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो. ते तिथेच रुजतं आणि फांदीच्या रसावर जगतं. नुसता पाला ओढून काढला तर ते पुन्हा फुटतं. जिथे ते फांदीत घुसलंय त्याच्या खाली चांगलं वीतभर अंतर सोडून फांदीच कापावी लागते. दोन वर्षं दुर्लक्ष झालं की अख्खा डहाळा बांडगुळाचा होतो आणि आंब्याचं पान शोधावं लागतं. आजेसासऱ्यांच्या वहीत एकही वर्ष या मजुरीशिवाय गेलेलं नाही. ज्या वर्षी घरात मृत्यू झाला, त्याही वर्षी ती नोंद आहे.

हापूसला तर ही देखभाल जन्मापासून चिकटलेली. आंब्यावर कलम बांधायची कला पोर्तुगीज काळात गोव्यात रुजली आणि आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून या जातीला नाव मिळालं, हे सर्वपरिचित आहे. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात आंब्याबद्दल लिहिलं आहे. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं, आणि तिथल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं असं त्याने नोंदवलं. पुढे माझगावचा आंबा नावाजला. १८०९ साली मुंबईत आलेल्या मारिया ग्रॅहॅम यांच्या प्रवासवर्णनात, ज्या मूळ झाडापासून माझगावची कलमं बांधली गेली त्या झाडावर फळांच्या मोसमात शिपायांचा पहारा असे, असा उल्लेख आहे. एका झाडावर पहारा बसावा एवढी त्याची किंमत होती. जो मालक मूळ झाड धड ठेवील त्याच्याकडेच पुढची कलमं होणार, एवढा साधा व्यवहार त्यामागे असणार.

त्या काळचं कलम म्हणजे भेट कलम. रोपाची कुंडी मूळ झाडाच्या फांदीपर्यंत उचलून, मांडव घालून, दोन्ही साली एकमेकींना भिडवून बांधायच्या आणि सांधा जुळेपर्यंत महिनोन्‌महिने रोपाला पाणी घालत राहायचं. कोय कलमाची सोपी पद्धत फार पुढे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या काळात रुळली. पुण्याच्या गणेशखिंड बागेत आंब्यांच्या जाती गोळा करणारे वुड्रो यांनी १९०४ साली आंब्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. नंतर बर्न्स आणि प्रयाग यांनी मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यासाठी १९२०च्या सुमारास आंब्याचा ग्रंथ केला. ही शास्त्रोक्त नोंद होण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या बायका-पुरुषांना एक गोष्ट हाताने ठाऊक होती: कलमाच्या सांध्याखाली फुटवा दिसला की तो खुडायचा. सांध्याच्या वर हापूस असतो, खाली रायवळ. खालचा फुटवा जोमाचा असतो. तो राहू दिला तर काही वर्षांत तोच झाड होतो आणि वरचा हापूस झुरत जातो. मग घरात वाद होतात की आजोबांना नर्सरीवाल्याने फसवलं. फसवलेलं नसतं. अंगठ्याच्या नखाने होणारं काम चार पावसाळे कोणी केलेलं नसतं.

हे हात गावातून गेले कुठे, हे कोकणी माणसाला सांगायला नको. १८५०च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढची सव्वाशे वर्षं रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना माणसं पुरवली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा. झाडांची मोठी कामं मे आणि ऑक्टोबरमधली, म्हणजे तो नसतानाची. मागे राहिलेल्या बायकांनी ती निभावली. गड्यांना बोलावणं, मजुरी भागवणं, नारळ मोजून घेणं, शिंपणं, सगळं त्यांनी केलं. घराण्याच्या कथांत त्यांची नावं येत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. त्या थकल्या, मुलं मुंबईला स्थिरावली, आणि घरांना कुलपं लागली. तेव्हापासून झाडं वाढली ती मोकाट.

मोकाट आंबा उंच जातो. हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर लावायची शिफारस आहे. जुन्या परसात ती त्याहून जवळ लावलेली असतात. शेजारच्या झाडांचे घेर एकमेकांना भिडले की उजेडासाठी प्रत्येक झाड वर पळतं. आतल्या फांद्या अंधारात वाळतात. फळ शेंड्याला, जिथे झेला पोचत नाही. तुडतुडे आणि भुरी दाट सावलीत वाढतात, फवारा तिथवर जात नाही. मालक मुंबईत असल्यामुळे बाग वर्षाच्या कराराने दिली जाते. सगळे करारदार वाईट नसतात, काही जण झाडावर जीव टाकणारे मी पाहिले आहेत. पण एका वर्षासाठी बाग घेतलेल्या माणसाला वीस वर्षांनंतरच्या फांदीची काळजी असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. लवकर आणि भरपूर मोहोरासाठी झाडाच्या बुंध्यात कल्टार ओततात. ते मोजून, झाडाच्या घेरानुसार, भरपूर खताबरोबर द्यायचं असतं. बेहिशेबी दिलं आणि खत दिलंच नाही तर झाड फळ देत देत खंगतं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणभर नवी कलमं उभी राहिली. ती मोठी गोष्ट होती, तिने वरकस जमिनींना दिवस दाखवले. ती कलमं आता पस्तिशीत आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी याच वाटेवर आहेत.

दापोलीच्या विद्यापीठाने जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत बसवली आहे. पावसाळा सरल्यावर झाडाची उंची कमी करायची, मधली फांदी काढून आत ऊन जाऊ द्यायचं, कापांवर बोर्डो पेस्ट लावायची. मग पहिली दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून खोडकिड्यावर लक्ष ठेवायचं, कारण उघड्या पडलेल्या खोडावर तो हमखास येतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला की भोक शोधून तारेने अळी मारायची. कापाखाली फुटव्यांचा गुच्छ येतो, त्यातले चार-पाच ठेवून बाकीचे काढायचे. दोन-तीन वर्षं फळावर पाणी सोडावं लागतं. ही वर्षं मालकाला जड जातात, मला ते ठाऊक आहे. पण नंतर शिडीवरून हाताने काढता येतील असे आंबे लागतात, आणि फवारणीचं औषध निम्म्या श्रमात पानापर्यंत पोचतं.

कापायचं कसं, यावरही माझं म्हणणं आहे. आमच्याकडे गडी खालून कोयता घालतो किंवा वरून करवत चालवतो, फांदी अर्ध्यात मोडते आणि पडताना बुंध्याची साल सोलून नेते. आधी खालच्या बाजूने थोडा काप, मग थोडं पुढे वरून काप, फांदी पडली की उरलेलं खुंट नीट कापायचं, एवढं केलं की साल वाचते. अमेरिकेतले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाला आतून भिंत घालून वेगळं पाडतं आणि उरलेल्या अंगाने वाढत राहतं, असं त्यांनी दाखवलं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं शाबूत ठेवून कापलं तर झाडाला ती भिंत घालता येते. खोडाशी सपाट कापलं तर कूज थेट बुंध्यात उतरते. लांब खुंट ठेवलं तरी ते कुजून तेच होतं. शिगो जखमेवर काही लावायच्या विरोधात होते. आमच्या हवेत, खोडकिडा आणि बुरशी यांच्यामध्ये राहून, मी बोर्डो पेस्ट लावतेच. पण ते फुगीर कडं मी आता प्रत्येक गड्याला बोट लावून दाखवते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा काही तास चालला. रायगडचा दक्षिण भाग आणि आमचे मंडणगड, दापोली हे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागाच्या बागा कमरेतून मोडल्या. त्या दिवशी चांगली राखलेली झाडंही पडली, हे मी आधीच सांगते. एवढ्या वाऱ्यापुढे कोणाची हमी नाही. पण नंतर कापाकापी चालू असताना मी वाडीभर हिंडून बुंधे बघत होते. घरांवर जी मोठी झाडं आली होती त्यांतल्या बहुतेकांचा बुंधा पोकळ होता, कुठे जुन्या मोडलेल्या फांदीच्या भोकातून पाणी आत गेलं होतं, कुठे अंगण करताना एका बाजूची मुळं तोडली होती. उंची कमी केलेली कलमं डहाळ्या गमावून उभी राहिली. मदतीचा हिशेब आधी हेक्टरवर लावला गेला, आणि गुंठ्यांतल्या ठिकाणांना त्यातून हाती लागण्यासारखं काही नव्हतं. झाडागणिक भरपाई मागावी लागली तेव्हा कुठे ती मान्य झाली. कितव्या झाडाचं काय वय, किती उत्पन्न, हे ज्यांच्या वहीत होतं त्यांना पंचनाम्याच्या वेळी बोलता आलं.

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत राहणारे आमचे नातेवाईक म्हणतात, हे तुमचं कोकणातलं, आमच्याकडे कायदा आडवा येतो. कायदा आहे आणि तो हवाच. १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग अशा झाडांना हात लावण्याआधी परवानगी मागतो. शहरांसाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं, झाडांची गणना होते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पुष्कळ मालक यातून एवढाच अर्थ काढतात की झाडाकडे बघायचंच नाही. मग बुंध्यापर्यंत फरशी बसवतात, खोडाला ट्यूबलाइट खिळ्याने ठोकतात, आणि झाड कलल्यावर तोडायचा अर्ज घेऊन धावतात. सुकी फांदी वेळेत, रीतसर अर्ज करून उतरवली, बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवली, तर त्या झाडाला तोडण्याच्या अर्जापर्यंत यायची वेळच बहुधा येत नाही. गॅलरीत ऊन-वारा येतो, खाली लावलेली गाडी वाचते, आणि पन्नास वर्षांची सावली विकत कुठे मिळते?

आता मोठी अडचण चढणाऱ्याची आहे. काथ्याचा फास पायात घालून सरसर चढणारे आमचे गडी म्हातारे झाले, आणि त्यांच्या मुलांनी ते काम करावं असं त्यांनाच वाटलं नाही. वरून पडून कायमचे अधू झालेले दोघे आमच्याच वाडीत आहेत. त्या वेळी ना विमा होता ना कोणाची लेखी जबाबदारी. गोव्यातही पाडेली मिळत नाहीत अशीच तक्रार ऐकू येते. नारळ विकास मंडळाने २०११मध्ये केरळपासून सुरुवात करून तरुणांना, त्यात मुलींनाही, यंत्राच्या साहाय्याने चढण्याचं आणि शेंड्याच्या सफाईचं शिक्षण द्यायला घेतलं. आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा असं शिकून आला. वाडीतल्या घरांनी मिळून त्याला वर्षाचं काम ठरवून दिलं: मेमध्ये एक फेरी, दिवाळीच्या सुमाराला एक, विम्याचा हप्ता आमचा. कुलूप लागलेल्या घरांचे मालकही हळूहळू यात आले, कारण त्यांच्या माडाचा सोंड्या आमच्या माडात येतो हे त्यांना पटलं.

तो मुलगा प्रत्येक शेंड्याचा फोटो काढून मालकाला पाठवतो. गेल्या दिवाळीच्या फेरीत बोरिवलीच्या एका मालकाला त्याने कळवलं की विहिरीकडचा माड आतून पोखरलाय, ठेवण्यात अर्थ नाही, तोडून शेंडा जाळावा लागेल, नाहीतर शेजारचे तीन जातील. मालकाने होकार दिला आणि त्या जागी बाणवलीचं रोप लावायला सांगितलं. मुलाने मला येऊन विचारलं, "काकी, बाणवलीला फळ धरायला सहा-सात वर्षं जाणार. तवर उन्हाळ्यातलं शिंपणं कोणी करायचं, ते आधी ठरवून घेऊ ना त्यांच्याकडून?" मी म्हटलं, घे. त्याने माझ्यासमोरच फोन लावला, पाण्याची पाळी आणि तिचे पैसे ठरवले, आणि मगच खड्डा मारायला घेतला.